वखार की वसतिगृह

रमाकांत साळवीला शाळेतून कमी केलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला समोर बसवून चहा पाजला. पोर्तुगीज गेल्यावर सिल्वासात सरकारी शाळा उघडल्या त्या वेळी मिळेल तो शिकलेला माणूस मास्तर म्हणून घेतला गेला होता. आता चौसष्ट साल उजाडलं होतं. मुंबईहून, रत्नागिरीहून ट्रेनिंग झालेली तरुण मुलं येत होती आणि रमाकांतसारख्या नुसत्या फायनल पास, हंगामी शिक्षकाला जागा राहिली नव्हती. मुख्याध्यापक बराच वेळ समजुतीचं काहीतरी बोलत होते. रमाकांत मान हलवत राहिला. त्यातलं निम्मंच त्याला कळलं.

कारण त्याला ऐकू येत नव्हतं.

देवरुखहून तो इथं आला त्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यात त्याला हिवतापानं धरलं. पुढं दर वर्षी धरलं. कोयनेल खाऊन खाऊन ताप उतरायचा, पण कानात घुंई सुरू व्हायची. आधी ती चार दिवसांनी जायची. मग जाईनाशी झाली, आणि तिच्यामागं माणसांचे आवाज हळूहळू बुडत गेले. समोर उभं राहून कुणी बोललं तर ओठांवरून, चेहऱ्यावरून तो समजून घेई. पाठीमागून हाक आली तर तो दगडासारखा बसून राही. वर्गात मुलं उत्तरं देत तेव्हा तो ओठ बघून "बरोबर" किंवा "बस खाली" म्हणे, आणि कधीकधी चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणून जाई. मुलं हसत. आपण हसण्याजोगं काही केलं, एवढं त्याला दिसे.

हे फक्त घरात ठाऊक होतं, बायकोला, सुलभाला, आणि दहा वर्षांच्या लीलाला. लीला त्याच्याशी बोलायच्या आधी त्याची बाही ओढायची. लहानपणापासूनची सवयच झाली होती तिला.

म्हणून नोकरी गेल्याच्या दिवशी रमाकांतला काळजीच्या जोडीनं थोडं हायसंही वाटलं होतं. ते त्यानं सुलभाला सांगितलं नाही.

शाळेची खोली पावसाळ्याच्या आत सोडायची होती. एप्रिलभर तो हिंडला. कचेऱ्यांतून अर्ज दिले. बांधकाम खात्यात हजेरी कारकुनाची जागा होती, ती भरली गेली. मसाटच्या बाजूला कारखाना निघणार अशी बोलवा होती, पण तिथं नुसतं गवत होतं. सुलभाच्या भावानं रत्नागिरीहून कळवलं, हवं तर या, पण इथं काही काम नाही. सुलभानं ते पत्र वाचलं आणि फडताळात ठेवून दिलं.

मग मे महिन्यात एकाच आठवड्यात दोन जागा पुढं आल्या.

पहिली आमलीला, ठाकोरभाईंच्या लाकडांच्या वखारीत. जंगलातून साग आणि खैराचे ओंडके यायचे, ते तिथं करवतीच्या गिरणीवर फाडले जायचे. ठाकोरभाईंचा मापारी गावी निघून गेला होता. आलेल्या ओंडक्याची लांबी आणि घेर मोजून आकडा खडूनं त्याच्या तोंडावर लिहायचा, एवढंच काम.

रमाकांत विचारायला गेला तेव्हा करवत चालू होती. आवाज त्याला कानापेक्षा छातीत आणि पायांच्या तळव्यांत जाणवला. भुशाच्या धुरळ्यात माणसं हातांनी बोलत होती. एकानं दोन बोटं वर केली, दुसऱ्यानं मान झटकली, तिसऱ्यानं ओंडका सरकवला. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा रमाकांतला लोकांत उभं राहून भीती वाटली नाही.

ठाकोरभाई जाडजूड, कपाळावर भुसा चिकटलेला माणूस. त्यांनी त्याला मोजपट्टी देऊन दोन ओंडके मोजायला लावले. रमाकांत वाकून घेर घेत असताना ते मागून काहीतरी म्हणाले. तो वळला नाही. ते परत म्हणाले. मग ते फिरून त्याच्या समोर आले आणि त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं.

"मास्तर, कमी ऐकू येते?"

रमाकांतचा चेहरा उतरला. ठाकोरभाई हसले. तोंड मोठं उघडून, सावकाश म्हणाले, "अरे, इथे सगळे बहेरे आहे. मी पण अर्धा बहेरा. वीस वरस करवत ऐकली. काम हाताचं न डोळ्याचं. तुमचा आकडा चोख आहे. सोमवारपर्यंत सांगा, मग मी दुसरा बघीन."

दुसरी जागा रखोलीच्या वाटेवर, दमणगंगेच्या काठी. मुंबईच्या एका मंडळानं आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. दोन लांब कौलारू खोल्या, स्वयंपाकघर आणि गृहपतीला राहायला बिऱ्हाड. आधीचा गृहपती लग्न ठरल्यावर सोडून गेला होता. मुलं दिवसा जवळच्या शाळेत जाणार. सकाळ-संध्याकाळ त्यांच्याबरोबर राहायचं, प्रार्थना, अभ्यास, आंघोळी, आजारपण बघायचं. गृहपतीच्या बायकोनं स्वयंपाक सांभाळला तर तिला वेगळा पगार.

मंडळाचे चिटणीस जयवंतराव सिल्वासातच राहत. खादीचे कपडे, अंगानं सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. रमाकांतला तो मोठाच आधार झाला. मुलाखत जयवंतरावांच्या ओसरीवर झाली. त्यांचे ओठ रमाकांतला स्वच्छ वाचता येत होते.

"मुलांना रानातून आणायचं म्हणजे आईबाप तयार होत नाहीत," जयवंतराव म्हणाले. "तुम्ही पाड्यांवर जाऊन बोलाल?"

"जाईन की. शाळेसाठी गेलोय मी. ओळखतात लोक."

"मारझोड चालणार नाही."

"मी कधी हात उगारला नाही, साहेब."

ते खरं होतं. जयवंतराव समाधानानं मागं टेकले. मग उठता उठता त्यांनी विचारलं, "तब्येत बरी ना? डोळे, कान? चाळीस पोरं आहेत, हो. डोळ्यात तेल घालून राहावं लागतं."

रमाकांतनं प्रश्न पुरता वाचला. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं सुलभाला दोन्ही जागांचं सांगितलं. पगारात फारसा फरक नव्हता. सुलभा तांदूळ निवडत होती. ती बोलताना थांबून मान वर करायची, त्याला दिसावं म्हणून.

"वखारीत मापारी," ती म्हणाली. "आठ वर्षं गुरुजी म्हणवून घेतलंत, आणि आता ओंडक्यांवर खडूनं आकडे लिहिणार? मी दादाला काय कळवू?"

"तिथं कानाची अडचण नाही, सुलभा."

"आणि राहायचं कुठं? आमलीत त्या लाकडांच्या ढिगाशेजारी झोपडी बघायची? लीला मोठी होतेय. वसतिगृहात पक्कं बिऱ्हाड आहे. मला काम आहे."

"त्यांनी विचारलं, कान ठीक आहेत का. मी हो म्हणालो."

सुलभाचा हात सुपात तसाच राहिला. ती म्हणाली, "म्हणालात ना? मग झालं. मी असतेच की तिथं. मी ऐकीन तुमच्या वतीनं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाकांतनं लीलाला शाळेमागच्या पटांगणात नेलं. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, लांबून हाका मारत मारत जवळ ये. मला ऐकू आलं की मी हात वर करीन. समोर कुंपण होतं, त्यावर घाणेरीची फुलं होती. तो फुलांकडे बघत राहिला. कानातली घुंई तेवढी चालू होती. त्यानं लक्ष एकवटलं. मग त्याला भास झाला की बारीकसं काहीतरी आलं, आणि त्यानं हात वर केला. तेवढ्यात बाही ओढली गेली. लीला त्याच्या कोपराशी उभी होती. तिचा चेहरा ओरडून लाल झाला होता.

"कुठून ऐकू आलं?" त्यानं विचारलं.

लीलानं मागं वळून बघितलं. सुलभा पायरीवर उभी राहून हे सगळं बघत होती. लीला म्हणाली, "त्या आंब्यापासून, बाबा."

आंबा पटांगणाच्या मध्यावर होता. लीला खोटं बोलते आहे हे त्याला तिच्या डोळ्यांवरून कळलं. आणि तरी त्यानं तो आंबा धरून ठेवला. आंब्यापासून ऐकू येतं म्हणजे अगदीच काही वाईट नाही, असं तो रात्रभर स्वतःला सांगत राहिला. खरं म्हणजे सुलभानं त्याला ढकललं नव्हतं. त्याला स्वतःलाच जायचं होतं. वखारीत त्याला कुणी गुरुजी म्हणणार नव्हतं. चाळीस मुलं हात जोडून उभी आहेत आणि आपण त्यांच्यासमोर आहोत, हे चित्र त्याच्यानं सोडवेना.

सोमवारी तो आमलीला गेला आणि ठाकोरभाईंना नाही म्हणाला. कुठं जाणार तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "त्यांना माहीत आहे?" आणि पुन्हा कानाकडे बोट दाखवलं. रमाकांतनं मान हलवली, पण ती हो होती की नाही ते ठाकोरभाईंना कळलं नसावं.

जूनमध्ये बिऱ्हाड हललं. पाऊस लागायच्या आत रमाकांत पाड्यापाड्यांवर फिरला. हे काम त्याला जमत होतं. लोक अंगणात समोर बसून बोलत, बायका दारात उभ्या राहून ऐकत. खेरडीला लखमा नावाचा एक वारली होता. त्याचा धाकटा मुलगा नवश्या आठ-नऊ वर्षांचा, चुणचुणीत, सतत काहीतरी विचारणारा. लखमा त्याला पाठवायला तयार नव्हता. गुरं कोण राखील, असं एकदा म्हणाला. नंतर म्हणाला, पोर कधी घराबाहेर निजलं नाही. रमाकांत तिथं तीनदा गेला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "माझी मुलगी जशी, तसा सांभाळीन. माझ्या डोळ्यांसमोर राहील." लखमानं बायकोकडे बघितलं. ती आत निघून गेली. नवश्या रमाकांतबरोबर आला. येताना वाटभर तो बडबडत होता. रमाकांत पुढं चालत होता, त्यामुळं त्याला त्यातलं काही कळलं नाही.

पहिले काही महिने बरे गेले. बरे म्हणजे, खरोखर बरे. सुलभा चुलीपुढं उभी असायची तरी तिचा एक कान मुलांच्या खोल्यांकडे असे. कुणी रडलं, भांडलं, की ती येऊन रमाकांतच्या दंडाला हात लावी. मुलांना वाटे, गुरुजी शांत स्वभावाचे आहेत, लगेच ओरडत नाहीत. रावजी नावाचा थोरला मुलगा होता, तेरा-चौदा वर्षांचा. त्याला एकट्याला काहीतरी समजलं असावं. गुरुजींशी बोलायचं तर तो नेहमी पुढून येऊन उभा राही. कधी त्याबद्दल बोलला नाही.

दिवाळीच्या सुट्टीवरून मुलं परतली ती खरूज घेऊन. बोटांच्या बेचक्यांत फोड, खाजवून खाजवून रक्त. दवाखान्यातून गंधकाचं मलम आणलं. रविवारी सगळ्यांना नदीवर न्यायचं, कपडे-पांघरुणं उकळून धुवायची, आंघोळी करून एकेकाला मलम लावायचं, असं ठरलं. सुलभा मागं राहिली. चाळीस पोरांचं जेवण होतं, आणि एक मुलगा तापानं पडला होता, त्याच्याजवळ कुणी हवं होतं.

"जाल ना तुम्ही एकटे?" तिनं विचारलं.

"रावजी आहे बरोबर," तो म्हणाला.

नोव्हेंबरातलं ऊन होतं. पाणी उतरलं होतं, काठाला गुडघाभरच, स्वच्छ. पण खालच्या अंगाला काळ्या खडकांखाली डोह होता, आणि तिकडं जायचं नाही हे रमाकांतनं सगळ्यांना दोनदा बजावलं. मोठी मुलं पांघरुणं आपटत होती. रमाकांत एका सपाट दगडावर बसला आणि धाकट्या मुलांना एकेक करून समोर घेऊन मलम लावू लागला. तोंड वाटेकडे होतं, पाठ डोहाकडे. दुसरीकडे तोंड करून बसला असता तर ऊन डोळ्यांवर आलं असतं. तसा बसण्यामागं आणखी काही कारण नव्हतं.

त्याच्यासमोर देवजी नावाचं बारकं पोर हात पुढं करून उभं होतं. रमाकांत त्याच्या बोटांत मलम चोळत होता. पोराचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला, डोळे मोठे झाले, तोंड उघडलं. रमाकांतला वाटलं, मलम झोंबतंय.

"झालं, झालं," तो म्हणाला. "थोडं झोंबणारच." आणि त्यानं हात घट्ट धरला, पोरानं हिसडा मारू नये म्हणून.

पोर हिसडे मारत राहिलं. ते त्याच्याकडे बघत नव्हतं, त्याच्या खांद्यावरून मागं बघत होतं. रमाकांतनं दुसरा हात ओढून घेतला आणि त्यालाही मलम लावलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, नीट. मग रावजी धावत येऊन त्याच्यासमोर पडला. नखशिखांत भिजलेला, ओठ निळे. तो काय म्हणतोय ते रमाकांतला वाचता येईना, इतके ते ओठ थरथरत होते. रावजीनं त्याला खांद्याला धरून फिरवलं.

डोहाच्या काठावर सगळी मुलं उभी होती. सगळ्यांची तोंडं उघडी होती. पाण्यावर काही नव्हतं.

रमाकांत कपड्यांसकट आत शिरला. त्याला बेताचं पोहता येत होतं. रावजी आणि तो बुडी मारून मारून शोधत राहिले. नवश्या खडकाच्या कपारीत सापडला. धुताना एक पांघरूण वाहून खालच्या अंगाच्या भोवऱ्यात सापडलं होतं, ते धरायला तो खडकावरून वाकला होता. रमाकांतनं त्याला वाळूवर पालथं घातलं, पाठ दाबली, पाणी काढलं. खूप वेळ दाबत राहिला. शेवटी रावजीनं त्याचे हात धरले.

दुपारी पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी लखमा आणि पाड्यावरची माणसं येऊन मुलाला घेऊन गेली. जयवंतरावांनी पुढं होऊन हात जोडले तेव्हा लखमानं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

मंडळाची चौकशी तिसऱ्या दिवशी झाली, मुलांच्या जेवणाच्या खोलीत. जयवंतराव मध्ये बसले. मोठ्या मुलांना एका ओळीत उभं केलं होतं. रमाकांत बाजूच्या बाकावर होता. सुलभा स्वयंपाकघराच्या दारात.

"डोहाकडे जाऊ नका, असं गुरुजींनी सांगितलं होतं की नाही?" जयवंतरावांनी विचारलं.

"सांगितलं होतं," रावजी म्हणाला.

"मग तो गेला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"तो पडला तसा आम्ही ओरडलो. गुरुजींना हाका मारल्या. लय हाका मारल्या. तो वर आला होता दोनदा. तोपण ओरडला. गुरुजी बघेनात."

जयवंतरावांचा चेहरा कडक झाला. "खोटं बोलू नकोस. गुरुजी हाकेच्या अंतरावर होते. एवढी पोरं ओरडली असती तर माणूस बघणार नाही? तूच त्याला पांघरूण आणायला पाठवलंस. होय की नाही?"

रावजीनं रमाकांतकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. तो नुसता वाट बघत होता.

"बोल! पाठवलंस की नाही? उद्याच्या उद्या घरी जाशील तू."

रमाकांतनं दाराकडे पाहिलं. सुलभानं अगदी हलकेच मान हलवली. नको. ओठ न हलवता तिनं ते सांगितलं, आणि त्याला ते जितकं स्पष्ट कळलं तितकं बाकी कुणाचं काही कधी कळलं नव्हतं.

तो उठला. "साहेब, मुलं खरं बोलतायत. त्यांनी हाका मारल्या असणार. मला ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"मला बरीच वर्षं ऐकू येत नाही. तुम्ही विचारलं होतंत. मी खोटं सांगितलं."

जयवंतरावांनी मुलांना बाहेर जायला सांगितलं. दार लावून घेतलं. मग ते रमाकांतच्या समोर येऊन उभे राहिले आणि फार सावकाश बोलले. आता ते त्याच्याशी तसंच बोलणार होते.

"हे मला आधी सांगायला हवं होतं, साळवी. सांगितलं नाहीत. आता कुणालाच सांगू नका. मंडळानं बहिऱ्या माणसाच्या हाती पोरं सोपवली, तपासणीसुद्धा केली नाही, असं झालं तर हे घर बंद पडेल. चाळीस पोरं परत रानात जातील. तुम्हाला ते हवंय?"

"पण रावजीला—"

"रावजीचं मी बघतो. तुम्ही प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा द्या. महिनाअखेर."

रावजीला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. शिस्तीसाठी, असं मुलांना सांगण्यात आलं. तो जाताना आपली वळकटी डोक्यावर घेऊन बिऱ्हाडासमोरून गेला. रमाकांत बाहेर येऊन उभा राहिला. रावजी थांबला नाही. आपण खरं बोललो त्याचा कुणालाच उपयोग झाला नाही, हे रमाकांतला तेव्हा पुरतं कळलं. तोवर त्याला वाटत होतं की निदान एका पोराला तरी आपण वाचवलं.

चौकशीच्या कागदात काय लिहिलं गेलं ते त्याला कुणी दाखवलं नाही. मुलं आज्ञा मोडून खोल पाण्याकडे गेली, असं सिल्वासात सगळेच म्हणत होते. बाजारात लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीबाही बोलत. चेहऱ्यांवरून ते सांत्वनच असावं.

ते त्याला सोसवेना. एका सकाळी तो कुणाला न सांगता खेरडीला चालत गेला. भाताची कापणी उरकली होती, खळ्यांवर झोडणी चालली होती. लखमा अंगणात दोर वळत बसला होता. रमाकांत त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. कुठं बसलो होतो, पाठ कुठं होती, पोरांनी कशा हाका मारल्या असतील, आपल्याला ऐकू येत नाही हे आपण कसं लपवलं. आणखी एक जागा मिळत होती आणि आपण ती सोडून इथं आलो, हेही सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, बोलताना आलं.

लखमा दोर वळत ऐकत होता. मान खाली होती. मग तो बोलू लागला. मान खालीच. रमाकांतला त्याचे ओठ दिसेनात.

"दादा, मला ऐकू येत नाही," रमाकांत म्हणाला. "माझ्याकडे बघून बोल. मोठ्यानं बोल."

लखमानं मान वर केली. दोर बाजूला ठेवला, उठला, रमाकांतच्या अगदी कानाशी वाकला आणि ओरडला. खळ्यावरची माणसं झोडायची थांबली. रमाकांतच्या कानात त्याचा आवाज खरोखर पोचला, भिंतीपलीकडून यावा तसा.

"एवढ्यानं ऐकू येतं?"

रमाकांतनं मान हलवली.

"माझ्या पोराच्या तोंडात पाणी होतं. त्याला एवढ्यानं ओरडता येत नव्हतं."

मग तो परत बसला आणि त्यानं दोर हातात घेतला. नवश्याची आई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला होता, त्यामुळं ती काही बोलली असेल तर ते त्याला कळलं नाही. रमाकांत बराच वेळ तिथं बसून राहिला. कुणी त्याला जा म्हणालं नाही. शेवटी तो आपणच उठला.

परतताना तो आमलीवरून आला. करवत चालू होती. ठाकोरभाईंनी त्याला लांबूनच ओळखलं आणि बाहेर आले. सगळ्या गावासारखं त्यांच्याही कानावर आलं होतं, पण त्यांना जास्त कळलं असणार. आत नवा मापारी ओंडक्यावर वाकला होता.

"ती जागा भरली, मास्तर," ठाकोरभाई म्हणाले. "वापीला माझा भाचा आहे. रेल्वेच्या मालधक्क्यावर लाकूड चढवतो. तिथे माणूस लागतो. पण ती मजुरी आहे. मास्तरचं काम नाही."

"चालेल," रमाकांत म्हणाला.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. सुलभानं ताट वाढलं. पलीकडे मुलं रांगेनं जेवायला बसली होती. पंगतीत बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, कितीतरी आईबाप पोरांना घेऊन गेले होते. लीला वाढायला मदत करत होती.

"वापीला काम मिळतंय," तो सुलभाला म्हणाला. "आपण इथून जाऊ. परवाच जाऊ."

सुलभा खाली बघून काहीतरी म्हणाली.

"काय?"

ती उठली, हात पुसले आणि त्याच्या समोर येऊन बसली.

"जयवंतराव आले होते दुपारी. नवीन गृहपती येतोय, तो सडा आहे, सिल्वासातून सायकलनं येणार. बिऱ्हाड त्याला नको. स्वयंपाकाला मला ठेवतायत. लीलाची शाळा इथून जवळ आहे." ती थांबली. "मी हो म्हणाले."

"आणि मी?"

"तुम्ही इथं राहायचं नाही, असं ते म्हणाले."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. त्याला नीट कळलं नाही असं तिला वाटलं असावं, म्हणून ती आणखी सावकाश बोलली. "मला इथून कुठं जायचं नाही आता. या पोरांना मी रोज वाढते. त्यांच्याकडे बघवत नाही मला, तरी वाढते. तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असतात तर…" तिनं वाक्य सोडून दिलं. "नाही. गप्प बसला असतात तरी मला तुमच्या शेजारी निजवलं नसतं. मीच म्हणाले होते ना, मी ऐकीन तुमच्या वतीनं."

रमाकांतनं ताटातला भात संपवला. तिनं आणखी वाढला, तोही त्यानं खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वापीची बस पकडायला तो रस्त्यावर आला. एक पत्र्याची पेटी आणि वळकटी. लीला सोबत आली होती. बस लांबून दिसली तेव्हा तिनं त्याची बाही ओढली, आणि तो तिच्याकडे वळला. पण तिला काही बोलायचं नव्हतं. तिनं नुसतीच बाही धरून ठेवली होती. बस थांबली, कंडक्टरनं पेटी वर टाकली आणि काहीतरी विचारलं.

"वापी," रमाकांत म्हणाला, अंदाजानं, आणि आत चढला.